बाथरूमच्या भिंतींना घाम, छताला काळे ठिपके: ओल, दव आणि बुरशीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे-डोंबिवली पट्ट्यात मी घरदुरुस्तीची कामं करतो. बाथरूमसाठी फोन येतात ते मुख्यतः दोन मोसमांत: जूनअखेर पाऊस लागला की, आणि डिसेंबरात थंडी पडली की. दोन्ही वेळा तक्रार एकाच शब्दात असते, "लिकेज आहे." जाऊन बघावं तर बऱ्याच घरांत काहीच गळत नसतं. आंघोळीची वाफच भिंतीवर बसून पाणी झालेली असते. तोवर त्या माणसाने दोनदा रंग मारलेला असतो, एकदा वॉटरप्रूफिंगही करून झालेलं असतं. म्हणून सांगतो, हे पाणी हवेतून आलंय की भिंतीतून, याचा निकाल लागेपर्यंत एक रुपयाही खर्च करू नका. खालचे सगळे प्रश्न मला लोकांनी विचारलेले आहेत.

पाइप कुठे फुटलेला नाही, तरी टाइल्सवरून पाणी ओघळतं. येतं कुठून?

हवेतून. गरम हवेत वाफ जास्त मावते, गार हवेत कमी. ३० अंशांच्या हवेत घनमीटरमागे साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, तर १५ अंशांच्या हवेत जेमतेम १३. कढत पाण्याने आंघोळ झाली की बाथरूमची हवा वाफेने भरते. ती गार भिंतीला टेकली की जास्तीची वाफ तिथेच पाणी होते. फ्रिजमधून काढलेली बाटली ओट्यावर ठेवली की तिला बाहेरून पाणी सुटतं ना, तसंच. म्हणून आधी भिजतात त्या गार जागा: आरसा, नळ, बाहेरच्या अंगाची भिंत, बीमचा कोपरा. आणि छताचा असा कोपरा जिथे हवा हलतच नाही, बहुतेक घरांत तो गिझरच्या वरचा.

दव कुठलं आणि गळती कुठली, हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

चपात्या गुंडाळायची अॅल्युमिनियम फॉइल घ्या. डाग असलेली जागा फडक्याने कोरडी पुसून तिथे फूटभर लांबी-रुंदीचा तुकडा लावा आणि चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवस हात लावू नका. तिसऱ्या दिवशी बघा. फॉइलच्या आपल्याकडच्या बाजूला पाणी असेल तर ते हवेतलं दव. फॉइल सोडवल्यावर आतली, भिंतीकडची बाजू ओली निघाली तर पाणी भिंतीतून येतंय. दोन्ही बाजू ओल्या असल्या तर दोन्ही दुखणी आहेत, आणि जुन्या इमारतींत असं पुष्कळदा असतं.

डागाचा चेहराही बोलतो. दवाची बुरशी बारीक काळ्या ठिपक्यांची असते, मोहरी सांडल्यासारखी, आणि बरीच जागा व्यापते. गळतीच्या डागाला कडा असते: पिवळसर-तपकिरी, चहा सांडून वाळल्यासारखी. रंग फुगतो, पोपडे सुटतात, खाली पांढरी भुकटी दिसते. तो लोणा. भिंतीतून येणारं पाणी सिमेंट-विटांतले क्षार बरोबर आणतं आणि स्वतः उडून गेलं की ते पृष्ठभागावर सोडून जातं. हवेतल्या दवाला क्षार नसतात. बोटाने भुकटी निघाली तर फॉइल लावायचीही गरज नाही, भिंतीत पाणी आहे.

वेळ पण बघा. आंघोळीनंतर ओल आणि दुपारपर्यंत कोरडं, तर दव. चार दिवस घर बंद ठेवून गावाला जाऊन आलात आणि डाग होता तसाच ओला, तर गळती.

एक्झॉस्ट फॅन आहे, रोज लावतो, तरी काळे ठिपके येतात. असं का?

हा प्रश्न माझ्या स्वतःच्या घरातला आहे. गिझरच्या वर काळे ठिपके यायचे. चार वर्षांत तीनदा घासून रंग मारला, तिन्ही वेळा पुढच्या पावसाळ्यात ठिपके हजर. शेवटी एकदा स्टुलावर चढून, फॅन चालू असताना वर्तमानपत्राची पट्टी त्याच्यासमोर धरली. पट्टी ओढली जायला हवी होती, ती नुसती लोंबकळत राहिली. फॅन काढला तर डक्टच्या, म्हणजे इमारतीतल्या पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीच्या, बाजूला कबुतराचं घरटं. वाळक्या काड्या, खराट्याचे हीर, केबलच्या वायरचा तुकडा, आणि शटरच्या पाकळ्या विष्ठेने एकमेकींना चिकटलेल्या. पंखा फिरत होता, आवाज करत होता, पण हवा बाहेर जायला वाटच नव्हती. ते साफ केलं, बाहेरून जाळी बसवली आणि चौथ्यांदा रंग मारला. ठिपके पुन्हा आले नाहीत.

तेव्हा आधी कागदाची पट्टी धरून बघा. ती फॅनला चिकटली नाही तर तीन ठिकाणी शोध घ्या. एक, बाहेरचं तोंड: घरटं, जळमटं, न उघडणारं शटर. दोन, पाती: त्यांवर धूळ आणि साबणाच्या वाफेचा थर बसला की पंखा हवा ओढत नाही. वर्षातून दोनदा, मेन स्विच बंद करून, पाती पुसा. तिसरी जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे दार. फॅनने हवा बाहेर फेकायची तर तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी. आपल्याकडे ग्रॅनाइटचा उंबरठा असतो, दार त्याला घट्ट बसतं, खिडकीही बंद असते. मग फॅन ओढणार काय? दाराखाली अर्धा-पाऊण इंच फट ठेवा किंवा खालच्या भागात जाळी बसवा. तीही सोय नसेल तर आंघोळ करून बाहेर आल्यावर दार चार बोटं उघडं ठेवून फॅन चालू ठेवा.

फॅन दारासमोरच्या भिंतीत, छताजवळ असावा, म्हणजे दाराकडून येणारी हवा अख्खं बाथरूम ओलांडून जाते. काही घरांत तो दाराच्या डोक्यावरच असतो. तिथे हवा दारातून येते आणि तिथूनच निघून जाते, आतला कोपरा ओला तो ओलाच.

फॅन किती वेळ चालवायचा? विजेचं बिल वाढेल ना?

आंघोळीच्या आधी सुरू करा आणि नंतर निदान २० मिनिटं चालू राहू द्या. अंग पुसून बाहेर येताना दिव्याबरोबर फॅनही बंद करायची सवय घरोघरी आहे, आणि तिथेच सगळं बिघडतं, कारण त्या वेळी वाफ आतच असते. दिव्याचं आणि फॅनचं बटण एकच असेल तर वेगळं करून घ्या, छोटं काम आहे. खर्चाचं म्हणाल तर ६ इंची फॅन साधारण ३० वॅट घेतो. रोज २ तास चालला तरी महिन्याला २ युनिटसुद्धा होत नाहीत.

पावसाळ्यात खिडकी उघडी ठेवावी की बंद?

हे गावावर आणि मोसमावर आहे. हिवाळ्यात पुणे, नाशिक, नागपूरकडे बाहेरची हवा कोरडी असते. तेव्हा खिडकी उघडा, तासाभरात भिंती वाळतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरची हवाच ओली असते. तिने भिंत वाळेल ही आशा नको. पण आंघोळीनंतरची आतली हवा त्याहूनही ओली असते, म्हणून पहिला अर्धा तास खिडकी उघडी आणि फॅन चालू हे तेव्हाही बरोबरच. नंतर पावसाची झड आत येत असेल तर काचेच्या पट्ट्या तिरक्या करून ठेवा.

हवा किती दमट आहे हे ओळखायला स्वयंपाकघरातली मिठाची बरणी बघा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढायला लागतं. मिठाला पाणी सुटतंय त्या दिवसांत बाथरूम नुसत्या वाऱ्यावर सोडून चालणार नाही, वायपर आणि फडकं हातात घ्यावंच लागतं.

आणि हो, विकास नियमावलीत बाथरूमला किमान ०.३ चौरस मीटरची खिडकी किंवा झरोका सांगितला आहे. तो काही शोभेसाठी नाही. माळ्यावरचं सामान, गिझर किंवा फ्लेक्सचा तुकडा लावून तो बंद केला असेल तर आधी मोकळा करा.

बेडरूममध्ये एसी लावला की पलीकडच्या बाथरूमची भिंत ओली होते. पाइप फुटला असेल का?

फॉइल लावून बघा, पण बहुतेक वेळा पाइप ठीक असतो. मुंबईच्या पावसाळ्यात हवा २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर साधारण २६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही गोष्टीवर दव बसतं. एसी रात्रभर १८-२० वर चालला की मधली चार इंची भिंत थंड पडते आणि बाथरूमच्या बाजूने तिला घाम फुटतो. एका घरात यासाठी बाथरूमच्या टाइल्स फोडून झाल्या होत्या, आतला पाइप ठणठणीत निघाला. एसी २५-२६ वर ठेवा, सोबत पंखा लावा, आणि वाऱ्याचा झोत त्या भिंतीवर सरळ आपटत असेल तर पट्टी वळवा.

गॅस गिझर बाथरूममध्ये आहे. थंडीत वाफ जाऊ नये म्हणून खिडकी बंद ठेवतो. चालेल?

नाही. हे उत्तर कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा.

ओल हा इथला लहान प्रश्न आहे. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड किलो पाणी वाफ होऊन हवेत येतं, म्हणजे बंद बाथरूममध्ये आंघोळीची वाफ आणि त्यात ही भर. पण खरी भीती कार्बन मोनॉक्साइडची आहे. हवा कोंडली, प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि हा वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, चक्कर येते, आणि आतून कडी लावलेला माणूस दारापर्यंत पोचत नाही. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात, त्यांत तरुण धडधाकट माणसं असतात.

गॅस गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा गॅलरीत बसवा आणि गरम पाण्याचा पाइप आत आणा. ते होईपर्यंत बादली भरून घ्या, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडी ठेवून हवा जाऊ द्या आणि मग आंघोळीला आत जा. "इतकी वर्षं काही झालं नाही" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका.

काळी बुरशी काढायची कशी? ऍसिडने जाईल का?

ऍसिड वापरू नका. ते टाइल्समधल्या सिमेंटच्या भरावाला खातं, सांधे खडबडीत आणि सच्छिद्र होतात, आणि पुढची बुरशी तिथे जास्त घट्ट धरते.

टाइल्स आणि सांध्यांसाठी: खिडकी उघडा, फॅन लावा, हातमोजे घाला. एक भाग साधं घरगुती ब्लीच आणि दहा भाग थंड पाणी असं मिश्रण करा, फडक्याने लावा, १०-१५ मिनिटं थांबा, जुन्या टूथब्रशने घासा, भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं पुसा. हे पुसणं टाळू नका. ब्लीचमध्ये ऍसिड, कमोड साफ करायचं लिक्विड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, एकापाठोपाठ एकही वापरू नका. त्यातून निघणारा विषारी वायू छोट्या बाथरूममध्ये जिवावर बेतू शकतो.

रंगाच्या भिंतीवर ब्लीच वरवरचा काळेपणा घालवतं, आतली मुळं राहतात. तिथे आधी साबणाच्या पाण्याने ओलं करूनच घासा. कोरडं खरवडलं की बुरशीची पूड घरभर उडते. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी तेव्हा तिथे थांबू नये. रंग फुगला असेल तर पुट्टीसकट काढा, भिंत नीट वाळू द्या, मग पुढचं बघा. बेसिनच्या कडेच्या सिलिकॉनमध्ये काळं गेलं असेल तर घासत बसू नका. ब्लेडने कापून काढा आणि नवीन भरा.

बाथरूमला कुठला रंग लावावा? बुरशीरोधक रंग खरंच चालतो का?

वाफ बाहेर काढायची सोय असेल तर चालतो, एरवी तोही काही काळाने हार मानतो. छताला डिस्टेंपर नको, धुता येईल असा बुरशीरोधक ऍक्रिलिक घ्या. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट मारला तर आतलं पाणी कोंडतं आणि रंग पापडासारखा सुटतो. आपल्या जुन्या घरांत न्हाणीला दरवर्षी चुना द्यायचे. ताजा चुना अल्कधर्मी असतो, त्यावर बुरशी सहज धरत नाही. शिवाय कौलांच्या फटींतून वाफ वर निघून जायची. कोकणातल्या माझ्या आजोळी न्हाणीत बंब दिवसभर धुमसायचा, पण काळा डाग होता तो धुराचा, ओलीचा कधीच नव्हता.

फॉल्स सीलिंग करून डाग झाकले तर?

झाकले जातील आणि वर वाढत राहतील. वरच्या घरातून गळती असेल तर आधी ती थांबवा. नंतर सीलिंग हवंच असेल तर पीओपी किंवा जिप्सम नको, दोन्ही पाणी पितात आणि एक दिवस डोक्यावर येतात. पीव्हीसीच्या पट्ट्या लावा, आणि पाइपच्या सांध्यांखाली उघडता येईल अशी एक झडप ठेवाच.

गळती वरच्या फ्लॅटमधून आहे. खात्री कशी करायची आणि खर्च कुणाचा?

वर जाऊन भांडण करण्याआधी दोन दिवस छताकडे लक्ष ठेवा. वर कुणी पाणी वापरत नसतानाही थेंब पडत असतील तर दाबाखालच्या, म्हणजे नळाला पाणी आणणाऱ्या पाइपवर संशय. आंघोळी झाल्यावर तासा-दोन तासांनी वाढत असेल तर फरशी, नहाणी ट्रॅपचा (फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भांड्याचा) सांधा किंवा सांडपाण्याचा पाइप. मग वरच्यांना विनंती करा: "काकू, रविवारी एक दिवस तुमच्याकडे पाणी साठवून बघू, खर्च काही नाही." नहाणी ट्रॅप चिंध्यांनी आणि प्लास्टिकने बंद करायचा, फरशीवर इंचभर पाणी भरून त्यात खायचा रंग टाकायचा, भिंतीवर पेन्सिलीने पातळी खुणायची आणि २४ तास थांबायचं. पातळी उतरली किंवा खाली रंगीत ओल आली की वाद राहतच नाही. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेऊन वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. त्यात पाणी साठून राहतं, त्यामुळे रंग खाली यायला दोन-तीन दिवसही लागू शकतात. घाईने "काही नाही" असा निष्कर्ष काढू नका.

खर्चाबद्दल: महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामाईक पाइपमुळे होणारी गळती संस्थेने दुरुस्त करायची, आणि फ्लॅटमधल्या संडास-बाथरूम, सिंकमुळे होणारी अंतर्गत गळती सभासदाने. पत्र लिहाल तेव्हा तारखेसह फोटो आणि पाण्याच्या चाचणीचा निकाल जोडा.

टाइल्सच्या सांध्यांत पांढरं सिमेंट पुन्हा भरलं तर गळती थांबेल?

काही महिने. सांधे भरणं म्हणजे वॉटरप्रूफिंग नव्हे, ते फरशीच्या खाली असतं. इपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा सिमेंटऐवजी रेझिनचा मसाला, पाणी पीत नाही आणि काळंही लवकर पडत नाही. साधी झिरप त्याने पुष्कळ कमी होते, पण तुटलेला ट्रॅपचा सांधा त्याने जुळत नाही.

पावसात कपडे बाथरूममध्येच वाळत घालावे लागतात. काय करू?

मशीनमधून पिळून निघालेल्या एका लोडमध्ये दोन-अडीच लिटर पाणी असतं, आणि ते सगळं त्या हवेत जातं. जागा नसलेल्या घरांची अडचण मला कळते, चाळीत आम्हीही दोरी तिथेच बांधायचो. जमल्यास कपडे हॉलमध्ये पंख्याखाली घाला. बाथरूमशिवाय गत्यंतर नसेल तर मशीनला एक जादा पीळ द्या, फॅन चालू ठेवा, दार किलकिलं ठेवा, आणि त्या दिवशी वायपरने फरशीबरोबर टाइल्सही ओढून घ्या.

वाफ मुळातच कमी व्हावी म्हणून काही युक्ती?

बादलीत आधी गार पाणी घ्या, मग गरम सोडा. कोरड्या बादलीत कढत पाण्याची धार पडते तेव्हाच सगळ्यात जास्त वाफ उठते. आरशाला साबणाचा पातळ हात देऊन कोरड्या फडक्याने चकचकीत पुसला तर दोन-तीन दिवस तो धुरकट होत नाही. ओले पंचे आणि पायपुसणी आत लोंबत ठेवू नका. कोळसा आणि कापूर वासापुरते ठीक आहेत. ओलीपुढे त्यांचं काही चालत नाही.

तळमजल्याचं घर आहे, ओल खालून वर चढते.

मग ती जमिनीतून येते. भिंतीच्या पायाशी पाणी अडवणारा थर नसेल किंवा फाटला असेल तर विटा वातीसारखं पाणी ओढतात, साधारण कमरेपर्यंत. फॅन-खिडकीने हे सुटत नाही. घराबाहेर भिंतीलगत पाणी साचतंय का, अंगण भिंतीच्या थरापेक्षा उंच झालंय का, ते आधी बघा. पुढचं काम जाणकाराकडूनच.

गळती दुरुस्त झाली. रंग कधी मारू?

लगेच नको. प्लास्टर वाळायला इंचामागे साधारण महिना लागतो, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त. ऑगस्टमध्ये दुरुस्ती केली असेल तर दिवाळीआधी रंगाची घाई करू नका, पाहुणे येणार असले तरी. मधल्या काळात लोणा वर येत राहील, तो दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. धुतलं की क्षार विरघळून पुन्हा आत जातात. रंगाच्या आधी तीच जुनी फॉइल दोन दिवस लावा. भिंतीकडची बाजू कोरडी निघाली की रंगाऱ्याला बोलवा.